लग्न एक, चर्च दोन: कॅथलिक की प्रोटेस्टंट, हे ठरवण्याआधी

मुलगी वसईची, कॅथलिक. मुलगा नगरचा, सीएनआय या प्रोटेस्टंट मंडळीतला. नाताळला दोन्ही घरांवर कागदी तारा लागतो, गुड फ्रायडेला दोन्हीकडे गोडधोड होत नाही, आणि तरी लग्नाची बोलणी पहिल्याच बैठकीत अडतात. कॅथलिकांची मिस्सा की प्रोटेस्टंटांची उपासना? फादर की पाळकसाहेब? शेजाऱ्यांना तर यात अडण्यासारखं काय आहे तेच कळत नाही. 'तुम्ही ख्रिश्चन की कॅथलिक?' असं आपल्याकडे अजूनही सर्रास विचारलं जातं. कॅथलिक हे ख्रिश्चनच, आणि जगातल्या ख्रिस्ती लोकांत सगळ्यात मोठा गट त्यांचाच.

हा आढावा अशा जोडप्यांसाठी आहे, आणि एका बाजूने दुसरीकडे जायचं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठीही. एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवा. कॅथलिकांकडे नियम लेखी आहेत, कलमांना आकडे आहेत, आणि वसईत जो नियम तोच ब्राझीलमध्ये. प्रोटेस्टंटांकडे बरंच काही त्या त्या मंडळीवर आणि पाळकांवर सोपवलेलं असतं. त्यामुळे तडजोडीची वेळ आली की वाकते ती बहुधा लवचीक बाजू. यात कुणाचा डाव नसतो. पण 'आम्हीच का दरवेळी?' हा प्रश्न लग्नानंतर पाच वर्षांनी पडण्यापेक्षा आधी पडलेला बरा.

आधी हे विचारा: प्रोटेस्टंट म्हणजे नेमके कोणते?

कॅथलिक म्हटलं की रोमच्या पोपशी जोडलेली एक संस्था. प्रोटेस्टंट म्हटलं की एक संस्था नव्हे. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, ही 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन झाली. त्यात अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल होते, बॅप्टिस्टही होते. अहमदनगरचा अमेरिकन मराठी मिशनचा वारसा, नारायण वामन टिळकांची भजनं, हे सगळं याच प्रवाहातलं. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट मात्र या विलीनीकरणाच्या बाहेर राहिले. आणि गेल्या काही दशकांत गल्लोगल्ली उभ्या राहिलेल्या पेंटेकॉस्टल मंडळ्या हा तिसराच प्रकार. पुढे 'प्रोटेस्टंट' म्हणून जे लिहिलं आहे ते मुख्यतः सीएनआयसारख्या जुन्या मंडळ्यांबद्दल. पेंटेकॉस्टलांचं जिथे वेगळं पडतं तिथे तसं सांगितलं आहे.

भांडण मुळात कशाचं?

31 ऑक्टोबर 1517. विटेनबर्गला शिकवणारे संन्यासी मार्टिन लूथर यांनी 95 मुद्दे मांडले. निमित्त होतं इंडल्जन्स, म्हणजे पापदंडातून सूट देणारी पत्रं. योहान टेटझेल ती विकत फिरत होता. पैसा रोमच्या सेंट पीटर्सच्या बांधकामासाठी असं सांगितलं जाई, आणि त्यातला मोठा वाटा माइन्झच्या आर्चबिशपचं सावकारी कर्ज फेडण्यात जाई. लूथरना नवं चर्च काढायचं नव्हतं. पण जानेवारी 1521 मध्ये पोप दहावे लिओ यांनी त्यांना बहिष्कृत केलं, आणि 1529 मध्ये स्पायरच्या राजसभेत लूथरच्या बाजूच्या राजांनी निषेध नोंदवला. 'प्रोटेस्टंट' हे नाव त्या निषेधातून आलं.

इंडल्जन्सबद्दल दोन्ही बाजूंना चुकीचं माहीत असतं. 'पैसे द्या, पाप माफ' अशी ती शिकवण तेव्हाही नव्हती. माफ झालेल्या पापाची उरलेली शिक्षा कमी होते, असा तिचा अर्थ. पैशाशी जोडलेल्या सगळ्या सवलती पोप पाचवे पायस यांनी 1567 मध्ये रद्द केल्या. शिकवण मात्र आजही आहे. 2025 च्या ज्युबिली वर्षात पापनिवेदन, कम्युनियन (मिस्सातला भाकर-द्राक्षारसाचा पवित्र प्रसाद) आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना या अटींवर ती दिली गेली. प्रोटेस्टंट ती मानत नाहीत, कारण मरणोत्तर शुद्धीस्थान ही कल्पनाच त्यांना बायबलमध्ये सापडत नाही.

तारण विश्वासाने की विश्वास आणि कृत्यांनी, हा त्या काळचा सगळ्यात मोठा वाद. त्यावर 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि लुथरन महासंघाने संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या: माणूस देवाच्या कृपेने, ख्रिस्तावरच्या विश्वासाने नीतिमान ठरतो, सत्कृत्यं हे त्याचं फळ. 2006 मध्ये मेथडिस्टांनी आणि 2017 मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या महासंघाने त्याला दुजोरा दिला. म्हणजे घरच्या बैठकीत कुणी 'तुम्ही लोक कर्माने तरता' असं म्हणत असेल, तर तो वाद मुख्य पक्षांनी पंचवीस वर्षांपूर्वीच बराचसा मिटवला आहे. त्यावर लग्न मोडू नये.

रविवारी प्रत्यक्ष काय दिसतं

खरी अडचण वेदीपाशी येते. लूथर आणि स्वित्झर्लंडचे धर्मसुधारक झ्विंग्ली 1529 मध्ये मारबुर्गला भेटले, पंधरा मुद्द्यांपैकी चौदांवर त्यांचं जमलं, आणि फिसकटलं ते भाकर आणि द्राक्षारस यांवरच. कॅथलिक शिकवण अशी, की मिस्सात भाकर आणि द्राक्षारस यांचं ख्रिस्ताच्या शरीर-रक्तात खरंखुरं परिवर्तन होतं. म्हणून उरलेला पवित्र प्रसाद वेदीजवळच्या कपाटात जपून ठेवतात, शेजारी दिवा तेवत असतो, आणि लोक त्यापुढे गुडघा टेकतात. झ्विंग्लींच्या वळणाच्या मंडळ्या हे स्मरण मानतात, लुथरन आणि अँग्लिकन अधेमधे कुठेतरी.

यातून निघणारा व्यवहार असा. कॅथलिक मिस्सात प्रोटेस्टंट जोडीदाराला कम्युनियन मिळत नाही. अपवाद मृत्यूचा धोका किंवा बिशपांनी ठरवलेली गंभीर गरज एवढाच. कॅथलिक माणसाने प्रोटेस्टंट प्रभुभोजन, म्हणजे त्यांच्याकडचं कम्युनियन, घेण्यालाही त्याच्या चर्चची परवानगी नाही. उलट सीएनआयमध्ये दुसऱ्या मंडळीतल्या प्रभुभोजन घेणाऱ्या बाप्तिस्मेदाराला सहसा पंगतीतून उठवत नाहीत. ही दर रविवारची गोष्ट आहे: एकाने रांगेत जायचं, दुसऱ्याने बाकावर बसून राहायचं. वर्षानुवर्षं हे जमेल का, हा प्रश्न पोप आणि येशूची आई मारिया यांच्यावरच्या सगळ्या वादांपेक्षा जवळचा आहे.

बारीक पण उपयोगी माहिती: कॅथलिक प्रसादाचा वेफर गव्हाचाच, यीस्टविना, लागतो. ग्लुटेनचा त्रास असेल तर कमी ग्लुटेनचा चालतो, पूर्ण ग्लुटेनमुक्त तांदळाचा चालत नाही. अशा वेळी फक्त द्राक्षारस घेता येतो. कम्युनियनच्या आधी तासभर पाणी आणि औषधाशिवाय काही खायचं-प्यायचं नाही. प्रोटेस्टंट मंडळ्यांत पावाचे तुकडे आणि छोट्या पेल्यांतून द्राक्षाचा रस असंही चालतं. आणि प्रभुभोजन बऱ्याच मंडळ्यांत महिन्यातून एकदा, तर मिस्सा रोज. उपासनेचं वजन प्रोटेस्टंटांकडे उपदेशावर असतं. पाळक पाऊण तास बोलले तरी मंडळी तक्रार करत नाही. फादर वीस मिनिटांवर गेले की मागच्या बाकांवर घड्याळं बघितली जातात.

'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना एकत्र म्हणून बघा. 'वाईटापासून सोडव' इथे कॅथलिक आमेन म्हणून थांबतात आणि प्रोटेस्टंट 'कारण राज्य, सामर्थ्य आणि गौरव' असे पुढे जातात. मिस्सातही ते शब्द आहेत, फक्त मध्ये फादरांची एक प्रार्थना येते. मिश्र घरातल्या जेवणाआधीच्या प्रार्थनेत हा अर्धा सेकंदाचा गोंधळ ठरलेला.

मारिया, मूर्ती आणि आज्ञांचे आकडे

कॅथलिक मारियेची पूजा करतात का? त्यांची शिकवण म्हणते, आराधना फक्त देवाची. संतांना मान आणि त्यांच्याकडे 'आमच्यासाठी प्रार्थना कर' अशी विनंती. वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हात-पाय वाहणाऱ्या गर्दीत हा फरक प्रत्येकाच्या डोक्यात स्पष्ट असतो असं म्हणणं धाडसाचं होईल, पण अधिकृत भूमिका तीच. येशूचा जन्म कुमारिकेपोटी झाला हे दोन्ही बाजू मानतात. मारिया आईच्या गर्भात आल्या क्षणापासून पापमुक्त (1854 ची घोषणा) आणि सदेह स्वर्गात गेली (1950 ची घोषणा), हे प्रोटेस्टंट मानत नाहीत.

दहा आज्ञांचा क्रम मात्र घरात भांडण लावू शकतो. कॅथलिक (आणि लुथरन) मूर्तीविषयीचं वचन पहिल्या आज्ञेतच धरतात आणि लोभाविषयीच्या शेवटच्या आज्ञेचे दोन भाग करतात. बाकी बहुतेक प्रोटेस्टंट मूर्तीची आज्ञा दुसरी म्हणून वेगळी मोजतात. म्हणून 'चोरी करू नको' आईच्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात सातवी, तर बाबांच्या संडे स्कूलमध्ये आठवी. आज्ञा दोन्हीकडे दहाच, आणि कुणी एक गाळलेली नाही.

बायबल विकत घेतानाही हेच. कॅथलिक बायबलमध्ये 73 पुस्तकं, प्रोटेस्टंटमध्ये 66. फरक जुन्या करारातला: तोबित, जुदिथ, मक्काबींची दोन, ज्ञानग्रंथ, सिराख, बारूख, आणि एस्तेर व दानीएल यांतले काही भाग. नवा करार दोघांचा 27 पुस्तकांचा, तोच. मृतांसाठी प्रार्थना करण्याचा कॅथलिक आधार दुसऱ्या मक्काबींत आहे, म्हणून त्या वादात दोघं एकमेकांना वचन दाखवूच शकत नाहीत.

कारभार

कॅथलिक धर्मगुरू आपल्याकडच्या लॅटिन परंपरेत अविवाहित; कॅथलिकांतल्याच पूर्वेकडच्या काही परंपरांत विवाहित पुरुषांनाही दीक्षा मिळते. स्त्रियांना दीक्षा नाही, आणि 1994 मध्ये दुसरे जॉन पॉल यांनी हा विषय कायमचा बंद केल्याचं जाहीर केलं. सीएनआयमध्ये पाळक लग्न करतात आणि स्त्रिया पाळक होतात. घरातल्या मुलीला पुढे वेदीमागे उभं राहायचं असेल तर हा फरक लहान नाही.

कॅथलिकांत वर्षातून निदान एकदा गंभीर पापांची कबुली धर्मगुरूपुढे द्यावी लागते. प्रोटेस्टंट उपासनेत कबुली सगळे मिळून म्हणतात. फादरांची बदली बिशप करतात, त्यात लोकांना मत नाही. सीएनआयमध्ये पास्टोरेट कमिटीची, म्हणजे मंडळीच्या कारभारी समितीची, निवडणूक होते, सभासदयादी असते, वर्गणी असते. यात लोकांचा सहभाग जास्त, आणि निवडणुकीबरोबर येणारी गटबाजीही जास्त. शांतता हवी असणाऱ्यांना कॅथलिक व्यवस्था सोपी वाटते. हिशेब विचारायचा असेल त्यांना दुसरी.

लग्न: इथे घाई नको

कॅथलिक आणि बाप्तिस्मा झालेली प्रोटेस्टंट व्यक्ती यांचं लग्न कॅथलिक चर्च मान्य करतं, आणि त्यासाठी धर्मांतर लागत नाही. 'आधी तिला कॅथलिक करून घ्या' असं नातेवाईक म्हणतात, कायदा म्हणत नाही. लागते ती बिशपांची लेखी परवानगी. जोडीदाराचा बाप्तिस्माच झालेला नसेल तर प्रकरण वेगळं: तिथे परवानगीऐवजी सूट लागते, आणि ती नसेल तर लग्नच अवैध ठरतं.

किमान तीन, शक्यतो सहा महिने आधी कॅथलिक बाजूच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) जा. कॅथलिक व्यक्तीने बाप्तिस्म्याचा दाखला नव्याने, गेल्या सहा महिन्यांतला, जिथे बाप्तिस्मा झाला त्याच चर्चमधून काढायचा. घरातल्या फाइलमधला जुना दाखला चालत नाही, कारण दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करणारा संस्कार) आणि आधीचं लग्न झालं असेल तर त्याची नोंद मूळ नोंदवहीत होते आणि ताजा दाखलाच ती दाखवतो. प्रोटेस्टंट व्यक्तीचा बाप्तिस्म्याचा दाखला आणि अविवाहित असल्याचं पाळकांचं पत्र लागतं. नावं आधारशी ताडून बघा. बाप्तिस्म्याला 'अंतोन', शाळेत 'अँथनी', आधारवर 'ॲन्थोनी' असेल तर प्रतिज्ञापत्र करण्यात आठवडे जातात. याशिवाय विवाहपूर्व शिबिराचं प्रमाणपत्र आणि दोन साक्षीदार.

मग फादर दोघांशी वेगवेगळं बोलतात, आणि कॅथलिक व्यक्ती वचन देते: मी माझा विश्वास सोडणार नाही, आणि सगळ्या मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक चर्चमध्ये व्हावं यासाठी माझ्याकडून होईल ते सगळं करीन. प्रोटेस्टंट व्यक्तीला सही करावी लागत नाही. असं वचन दिलं गेलंय हे तिला कळवायचं असतं. 1970 च्या आधी दोघांकडून हमी घेत, त्याची आठवण जुन्या पिढीत अजून आहे. 'होईल ते सगळं' या शब्दांत जागा आहे, पण वचन रिकामं नाही. मुलांविषयीचं खरं बोलणं या सहीच्या आधी व्हायला हवं.

विधी कुठे? पहिला पर्याय कॅथलिक चर्च, मिस्साशिवाय विवाहविधी; पाळकांनी वाचन आणि आशीर्वाद द्यायला हरकत नाही. मिस्सासह लग्न मागता येतं, पण तेव्हा वधू कम्युनियन घेणार आणि वर बघत राहणार. दुसरा पर्याय प्रोटेस्टंट चर्च. त्यासाठी बिशपांकडून विवाहविधीच्या नियमातून, म्हणजे कॅथलिकाचं लग्न फादरांपुढेच व्हावं या अटीतून, सूट मागायची. मिळाली की पाळक लग्न लावतात, फादर उपस्थित राहू शकतात, आणि कॅथलिक नोंदवहीत नोंद होते. सकाळी इकडे, संध्याकाळी तिकडे असे दोन विधी मात्र मना आहेत. फादर आणि पाळक दोघांनी मिळून संमती वदवून घेणंही मना. दोन्ही आज्यांना खूश करण्याचा हा मार्ग हमखास सुचवला जातो आणि हमखास अडतो.

सगळ्यात जास्त बिघडतं ते असं: सूट न घेता आधी सीएनआयमध्ये किंवा रजिस्ट्रारकडे लग्न, आणि मग 'फादरांना नंतर सांगू'. देशाच्या कायद्याने हे लग्न पक्कं. कॅथलिक कायद्याने ते झालेलंच नाही, आणि कॅथलिक जोडीदाराला कम्युनियन बंद. दुरुस्ती होते: चर्चमध्ये पुन्हा संमती देऊन, किंवा प्रोटेस्टंट जोडीदार पुन्हा विधीला तयार नसेल तर बिशपांकडून 'मुळापासून वैध' करून घेऊन. हा दुसरा मार्ग फार कमी लोकांना माहीत असतो. नाव घेऊन मागा.

घटस्फोटित प्रोटेस्टंट व्यक्तीशी लग्न असेल तर तारीख धरूच नका. प्रोटेस्टंटांवर कॅथलिक विधीचं बंधन नाही, म्हणून त्यांचं आधीचं, त्यांच्या चर्चमधलं लग्न कॅथलिक चर्च वैध धरतं. कोर्टाचा घटस्फोट पुरत नाही, चर्चच्या न्यायासनाकडून ते लग्न मुळातच अवैध होतं असा निकाल मिळवावा लागतो. डिसेंबर 2015 पासून दुसऱ्या न्यायासनाच्या शिक्कामोर्तबाची सक्ती गेली आहे, तरी महिने लागतातच. आणि हा निकाल सरकारदरबारी घटस्फोट म्हणून चालत नाही, दोन्ही लागतात.

सरकारी बाजू सोपी आहे. महाराष्ट्रात 1872 चा ख्रिस्ती विवाह कायदा दोघांनाही लागू. विधी सकाळी 6 ते संध्याकाळी 7 च्या दरम्यान. कॅथलिक बिशप त्याबाहेरच्या वेळेची परवानगी देऊ शकतात. लग्न लावणाऱ्या पाळकाला तसा अधिकार किंवा परवाना आहे का, हे स्वतंत्र मंडळ्यांच्या बाबतीत विचारून घ्या. गोव्यात रीत वेगळी: तिथे आधी नागरी निबंधकाकडे जावं लागतं, चर्च नंतर.

मुलं, आणि बाजू बदलणं

पाणी आणि 'पिता, पुत्र व पवित्र आत्मा' या शब्दांनी झालेला बाप्तिस्मा दोन्ही बाजू एकमेकांचा मानतात. म्हणून सीएनआयमधून कॅथलिक होताना पुन्हा बाप्तिस्मा होत नाही: काही महिन्यांचं शिक्षण, पापनिवेदन, विश्वासाची जाहीर कबुली, दृढीकरण आणि पहिलं कम्युनियन. फक्त 'येशूच्या नावाने' बाप्तिस्मा देणाऱ्या काही पेंटेकॉस्टल मंडळ्यांचा मात्र धरला जात नाही. उलट दिशेने, सीएनआय कॅथलिक बाप्तिस्मा मानते. बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल सहसा पूर्ण बुडवून नव्याने देतात, आणि कॅथलिक नातेवाईक सगळ्यात जास्त दुखावतात ते यानेच.

कॅथलिक माणूस सीएनआयचा सभासद झाला तरी 2009 च्या दुरुस्तीनंतर कॅथलिक कायदा त्याला विवाहविधीच्या नियमातून मोकळं करत नाही. परत यायचं ठरलं तर सूट न घेता केलेलं लग्न पुन्हा समोर येतं.

मुलाच्या कॅथलिक बाप्तिस्म्याला निदान एक गॉडफादर किंवा गॉडमदर कॅथलिक, 16 वर्षं पूर्ण आणि दृढीकरण झालेली लागते. प्रोटेस्टंट काका तिच्यासोबत साक्षीदार म्हणून उभे राहू शकतात, नोंदवहीत त्यांचं नाव साक्षीदार म्हणूनच येतं. हे त्यांना समारंभाच्या सकाळी नाही, आमंत्रण देतानाच सांगा.

राहिली कबरस्तानाची गोष्ट. ती लग्नाच्या बैठकीत कुणी काढत नाही. जोडीदाराच्या चर्चच्या दफनभूमीत, घरच्या कबरीत, दुसऱ्या मंडळीतल्या माणसाला जागा मिळते का, हे त्या त्या चर्चच्या नियमांवर आहे. त्याचे स्वतःचे पाळक उपलब्ध नसतील आणि त्याची तशी नाखुशी नसेल, तर बिशपांच्या संमतीने फादर प्रोटेस्टंट व्यक्तीचा अंत्यविधी करू शकतात. 1963 पासून कॅथलिकांना दहनही चालतं, फक्त अस्थी घरी ठेवायच्या किंवा पाण्यात सोडायच्या नाहीत. जागेचं उत्तर कार्यालयातून लेखी घ्या. फादर बदलतात, पाळकही बदलतात, आणि आधीच्यांनी तोंडी दिलेली हमी पुढच्यांना ठाऊक नसते.